सेंटर पंच मारूनही होल सरकतंय? कुठल्या बाजूला सरकतंय ते आधी बघा

डॉट, म्हणजे ड्रिलचं टोक बसायला पंच ठोकून पाडलेला बारीक खड्डा, बरोबर मारला होता, प्लेट घट्ट पकडली होती, ड्रिल पण नवीन होतं, तरी होल सरकलं. हे वाक्य मी आमच्या शेडमध्ये इतक्या वेळा ऐकलंय आणि त्याहून जास्त वेळा स्वतः म्हणलंय, की शेवटी एकदा बसून याचा छडा लावायचा ठरवला. निमित्त झालं एका मोटरच्या बेस प्लेटचं. १० एमएमची एमएस (माइल्ड स्टील, साधं मऊ स्टील) प्लेट, चार कोपऱ्यात चार होल ११ चे, बोल्ट एम १० चे, म्हणजे तसं बघितलं तर अगदी सोपं काम. पण चारातली दोन होलं दीड दीड एमएम सरकली, मग गोल कानस घेऊन होल लांबट करा, बोल्ट कसाबसा घुसवा, मोटर तिरकी बसली, बेल्ट एका बाजूनं खायला लागला आणि आठवड्यात गिऱ्हाईक परत दारात. त्याच महिन्यात गेटच्या बिजागरीच्या प्लेटला तेच, आणि शेजारच्या सुतारमामांसाठी काढलेल्या ब्रॅकेटला परत तेच. तीन वेळा तीच चूक झाल्यावर मग नशिबाला बोल लावण्यात अर्थ नव्हता.

आयटीआयला फिटर ट्रेडला असताना सरांनी तीन पंच टेबलावर मांडून दाखवले होते, ३० अंशाचा प्रिक पंच, ६० अंशाचा डॉट पंच आणि ९० अंशाचा सेंटर पंच. आम्ही ते परीक्षेपुरतं पाठ केलं आणि बाहेर पडल्यावर एकाच पंचानं सगळं हाणत राहिलो. आज सांगतो, माझ्या सरकलेल्या होलांपैकी अर्धी तरी त्या एका सवयीमुळं सरकली होती. उरलेल्या अर्ध्यांची कारणं वेगवेगळी निघाली, आणि ती शोधायची एक सोपी रीत मला सापडली ती आधी सांगतो कारण त्याशिवाय बाकीचे उपाय अंधारात दगड मारल्यासारखे होतात.

भंगारातली ६ एमएमची पट्टी घ्या, फ्लॅप डिस्कनं एक तोंड चकचकीत करा आणि स्क्राइबरनं (धातूवर रेघ ओढायच्या टोकदार सुईनं) दहा-बारा क्रॉस मारा. क्रॉसच्या रेघा लांब ठेवायच्या, होल पडल्यावरही चारी बाजूला रेघेचं शेपूट शिल्लक दिसलं पाहिजे. आता अर्धे पंच नेहमीसारखे मारा, मग पट्टी अर्धी फिरवा, म्हणजे तुमच्याकडची कड पलीकडं जाऊ दे, आणि उरलेले पंच तसेच उभे राहून मारा. ड्रिल करायच्या आधी भिंगातून प्रत्येक डॉट बघायचा, रेघांच्या मधोमध आहे का कुठं कललाय, आणि कागदावर बाण काढून ठेवायचा. मग ड्रिल करा आणि परत बघा. डॉटच बाहेर असेल तर चूक मार्किंगची, डॉट मधे आणि होल बाहेर असेल तर चूक ड्रिलिंगची. एवढी एकच विभागणी केली तरी निम्मं डोकं शांत होतं, कारण आपण बहुतेक वेळा पंच नीट नसताना ड्रिलला शिव्या घालत असतो.

आता ते बाण बघा. पट्टी फिरवली तरी सगळे डॉट *तुमच्या* एकाच बाजूला जातायत, म्हणजे समजा कायम डावीकडं आणि अंगाकडं, तर दोष तुमच्या डोळ्यात आणि हातात आहे, पट्टीत नाही. डॉट रेघांच्या मधोमध आहेत आणि तरी कडेपासूनचं माप जुळत नाही, तर माप घेतानाच चुकलंय, गुण्या (काटकोन बघायचं हत्यार) बाद आहे किंवा पट्टीची कडच सरळ नाही. आणि बाण जर दाही दिशांना असतील तर पंचाचं टोक, हातोडीचा उडालेला दुसरा ठोका नाहीतर ड्रिलची चिझल एज (टोकावरची आडवी धार, पुढं सांगतो), या तिघांपैकी कोणीतरी. माझे बाण जवळजवळ सगळे डावीकडं होते. उजव्या हाताचा माणूस पंच डाव्या हातात धरतो, पंचाचं टोक स्वतःच्याच बोटांमागं लपतं म्हणून मान उजवीकडून वाकवून बघतो, आणि तिथंच फसतो.

या बघण्याच्या चुकीचा हिशोब एकदा करून बघा, मला तर धक्का बसला होता. साधी स्टीलची फूटपट्टी एक एमएमच्या आसपास जाड असते. तिच्यावरची खूण वरच्या तोंडावर आणि प्लेट तिच्या खाली, म्हणजे मधे एक एमएमचं अंतर. तुम्ही ३० अंश तिरकं बघितलं तर खूण जवळपास ०.६ एमएम सरकून पडते, ४५ अंशानं बघितलं तर पूर्ण एक एमएम. बोल्टला सगळी मिळून एक एमएमची मोकळीक दिलेली असते, ती इथंच संपली, अजून पंच हातात पण घेतलेला नाही. उपाय दोनच. एक, डोळा सरळ खूणेच्या वर न्या. दोन, फूटपट्टी आडवी न ठेवता तिच्या कडेवर उभी करा, म्हणजे खूण थेट प्लेटला टेकते आणि मधली जाडी राहतच नाही. आणि फूटपट्टीचं शून्याचं टोक झिजलेलं असतं, ते सोडून १० च्या रेघेपासून माप घ्या, फक्त सगळ्या मापात १० मिळवायचं लक्षात ठेवा, नाहीतर सगळं काम एक सेंटिमीटर चुकेल, तेही पाहिलंय मी.

रेघ कशानं मारता हेही तितकंच महत्त्वाचं. काळ्या मार्करची रेघ एक एमएम रुंद, खडूची त्याहून रुंद, मग त्या रुंदीत नेमकं कुठं पंच ठेवायचा? हॉट रोल्ड अँगल-पट्टीवर जी काळी निळसर पापडी असते ती स्क्राइबरला नीट चरू देत नाही आणि पंच मारला की कधीकधी पापडीच उडते नि टोक घसरतं, म्हणून जिथं होल आहे तेवढी जागा ग्राइंडरनं साफ करून घ्या. बारीक कामाला मी अजूनही मोरचूद वापरतो. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणाला लागतं तेच, कृषी केंद्रात मिळतं. पाण्यात विरघळवून तेलाचा डाग नसलेल्या स्टीलवर बोळ्यानं फिरवलं की तांब्याचा पातळ लालसर थर बसतो आणि त्यावर स्क्राइबरची रेघ केसासारखी बारीक चमकते. काम झालं की पुसून तेलाचा हात फिरवा नाहीतर गंज येतो. आणि हे विष आहे, पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका, शेडमध्ये पोरं येतात जातात.

आता मुख्य गोष्ट, पंच दोनदा मारायचा आणि दोन वेगळ्या पंचांनी मारायचा. पहिला बारीक टोकाचा, ३० चा किंवा ६० चा. तो क्रॉसवर डोळ्यानं ठेवायचा नाही, बोटानं शोधायचा. एका रेघेच्या खाचेत टोक टेकवा, पंच थोडा तिरका धरून रेघेवरून हळू ओढत न्या, दुसऱ्या रेघेची खाच आली की टोक टक्कन अडकल्याचं बोटांना कळतं. डोळ्यापेक्षा हा स्पर्श जास्त खरा आहे, अंधूक उजेडात तर फारच. अडकला की तिथून न उचलता सरळ उभा करा, करंगळी आणि हाताची कड प्लेटवर टेकलेली पाहिजे, आणि हातोडी नुसती टेकवल्यासारखी एक हलकी टिचकी. मग भिंगानं बघा. बरोबर असेल तरच ९० चा पंच त्या बारीक खड्ड्यात बसवायचा, तो आपोआप मधे बसतो, आणि एक सणसणीत ठोका. एकच. दुसऱ्या ठोक्याच्या आधी पंच उडून किंचित सरकलेला असतो आणि मग शेजारी शेजारी दोन खड्डे पडतात, ड्रिल त्या दोघांच्या मधे कुठंतरी जातं. एका ठोक्यात खड्डा पुरेसा पडत नसेल तर हातोडी हलकी आहे, २००-२५० ग्रॅमची बॉल पेन हातोडी (एका बाजूला गोल डोक्याची) घ्या, किंवा खालचा आधार पोकळ आहे.

आधाराचं बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. प्लेट दोन लाकडी ठोकळ्यांवर अधांतरी ठेवून पंच मारला तर ठोक्याचा जोर प्लेट वाकवण्यात आणि हादऱ्यात जातो, पंच नाचतो, खड्डा उथळ. पंचाच्या बरोबर खाली ऐरण किंवा जाड लोखंडी तुकडा पाहिजे. पातळ पत्र्याला तर हे हवंच, नाहीतर डॉटच्या जागी पत्र्याला अख्खी वाटी पडते आणि ती मागून कितीही ठोकली तरी जात नाही.

दाही दिशांना सरकणाऱ्यांनी आता पंचाचं टोक बघा. टोक बोथट असेल तर कळतंच, पण टोक धारदार दिसतंय आणि एका बाजूनं जास्त घासलं गेलंय हे पटकन कळत नाही. अशा पंचाचा खड्डा एका बाजूला उभा आणि दुसऱ्या बाजूला पसरट पडतो, ड्रिल त्या पसरट बाजूला ढळतं, आणि आपण प्रत्येक वेळी पंच बोटात वेगळा फिरवून धरलेला असतो म्हणून होल प्रत्येक वेळी वेगळ्या दिशेला. काचेवर पंच लोळवून बघा, टोक वर-खाली डुलत असेल तर हाच रोग.

धार लावताना बेंच ग्राइंडरवर पंच हातानं फिरवत फिरवत लावता येते पण सगळीकडून सारखी यायला सवय लागते. मी पंच हँड ड्रिलच्या चकमध्ये पकडतो, ड्रिल हळू फिरवतो आणि फिरतं टोक चाकाला हलकंच लावतो, म्हणजे चारी बाजूनं सारखं घासलं जातं. गॉगल घाला, हातमोजे अजिबात घालू नका, फिरत्या वस्तूपाशी हातमोजा हात ओढून नेतो. दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवायचं. टोक पेंढ्यासारखं पिवळसर झालं तोपर्यंत चालतं, पण निळं झालं की तिथला कडकपणा गेला, साधारण ३०० अंशाला तो निळा रंग येतो, आणि मग असं टोक चार डॉटमध्ये बसतं. निळं झालेलं तेवढं घासून काढा, यावेळी सावकाश. घाई करून मी एका दुपारी दोन चांगले पंच असे घालवलेत.

९० अंश मोजायला वेगळं गेज नको, व्ही ब्लॉकची (गोल बार टेकवायच्या खाचेच्या लोखंडी ठोकळ्याची) खाच ९० चीच असते, तिच्यात टोक बसवून मागून उजेड बघा. ६० साठी लेथवाल्याकडचं आट्याचं सेंटर गेज मागा, त्यातली खाच ६० ची असते.

टोकाबरोबर डोकं पण बघा, हे कळकळीनं सांगतोय. ठोकून ठोकून पंचाच्या डोक्याला मशरूमसारख्या कडा फुटतात. त्या कडेचा तुकडा उडाला तर तो लोखंडाचा छर्राच असतो. आमच्याकडं शिकायला असलेल्या एका पोराच्या दंडात असा तुकडा गेला, बाहेरून तिळाएवढी जखम, आणि डॉक्टरांना तो काढायला चीर द्यावी लागली. डोळ्याच्या जागी दंड होता म्हणून निभावलं. दर आठवड्याला डोकं ग्राइंडरवर साफ करून कडेला थोडा उतार द्या, दोन मिनिटांचं काम आहे.

समजा तुमचे डॉट सगळे बरोबर निघाले आणि तरी होल सरकतंय. मग ड्रिलचं टोक जवळून बघा. ते सुईसारखं नसतं, मधोमध एक आडवी छोटी धार असते, ती चिझल एज. ती कापत नाही, धातू दाबून बाजूला सारते. ड्रिल जितकं जाड तितकी ती लांब, १० एमएमच्या ड्रिलला साधारण दीड ते दोन एमएम. तुमचा डॉट असेल एक एमएमचा. म्हणजे ती धार खड्ड्यात उतरतच नाही, खड्ड्याच्या काठांवर पूल टाकल्यासारखी बसते आणि मशीन चालू झालं की जिकडं वाट मिळेल तिकडं चालायला लागते. आमची ती बेस प्लेटची दोन होलं यानंच गेली होती, थेट ११ चं ड्रिल लावलं होतं. आधी ३ एमएमचं पायलट, म्हणजे वाट दाखवणारं बारीक होल, मारा. ३ च्या ड्रिलची आडवी धार अर्ध्या एमएमच्या आसपास असते, ती डॉटमध्ये आरामात बसते, आणि मग ११ चं ड्रिल त्या पायलटच्या मागं मागं जातं. पायलट फार मोठंही नको, आडवी धार मोकळी सुटेल एवढंच पुरे, ११ च्या आधी ८ चं मारलं तर मोठं ड्रिल कडांवर आपटून थरथरतं. ड्रिलच्या दोन ओठांची, म्हणजे टोकाच्या दोन कापणाऱ्या धारांची, लांबी सारखी आहे का तेही बघा, बुरादा एकाच बाजूनं निघत असेल तर नाहीये, धार परत लावा.

डॉट बाहेर पडलाच तर? अगदी थोडा, पाव-अर्धा एमएम असेल तर परत आणता येतो. पंच त्याच खड्ड्यात ठेवा, त्याचं डोकं चुकीच्या बाजूला झुकवा म्हणजे टोकाचा रोख बरोबर जागेकडं होईल, आणि हलके ठोके देत खड्डा तिकडं ढकलत न्या, जागेवर आला की पंच उभा करून शेवटचा ठोका. एक एमएमपेक्षा जास्त चुकला असेल तर हा खेळ करू नका. एमएस असेल तर खड्डा वेल्डिंगनं भरा, ग्राइंड करा, परत रेघा मारा. वीस मिनिटं जातात पण प्लेट वाचते.

ड्रिल सुरू झाल्यावर सरकतंय असं दिसलं तर जुन्या फिटर लोकांची एक युक्ती आहे जी आता फार कमी लोक वापरतात. ड्रिलचं टोक टेकवून नुसती बशी पाडायची, पूर्ण व्यास लागायच्या आत थांबायचं आणि ती बशी तुमच्या रेघांच्या मधे आहे का बघायचं. नसेल तर ज्या बाजूला होल न्यायचंय त्या बाजूला बशीच्या उतारावर गोल तोंडाच्या बारीक छिन्नीनं एक-दोन खाचा पाडा. ड्रिल परत लावलं की त्या बाजूला कापायला सोपं जातं आणि ते तिकडं ओढलं जातं. परत थांबा, परत बघा. पण पूर्ण व्यास एकदा आत गेला की मग काही होत नाही.

इथंच एक फसवणूक सांगतो. होलभोवती डिव्हायडरनं (दोन टोकदार पायांच्या कंपासनं) गोल काढून त्यावर चार बारीक साक्षीचे डॉट मारायची पद्धत चांगली आहे, होल त्या डॉटना मधोमध कापत गेलं तर बरोबर. पण तो गोल तुम्ही पंचाच्या खड्ड्यात डिव्हायडर ठेवून काढलेला असतो. खड्डाच चुकीचा असेल तर गोल पण तितकाच चुकीचा, आणि होल त्या गोलात अगदी सुंदर बसतं, तपासायला जागाच राहत नाही. म्हणून मी आता प्लेटच्या कडेपासून माप घेऊन होलभोवती एक चौकोन पण आखतो. चौकोन पंचावर अवलंबून नसतो, त्यामुळं तो खोटं बोलत नाही.

ऑटोमॅटिक पंचाबद्दल बरेच जण विचारतात, घ्यावा का. घ्या, एका हातानं चालतो, हातोडी लागत नाही, बऱ्याचशा पंचांना मागची टोपी फिरवून ठोका कमी जास्त करता येतो. पण लोक टोपी पूर्ण घट्ट करून ठेवतात, मग दाबायला इतका जोर लागतो की स्प्रिंग सुटायच्या आत हात तिरका होतो आणि टोक रेघेवरून घसरतं. आधी टोपी सैल करून हलका डॉट, मग त्याच खड्ड्यात टोपी आवळून मोठा. सुटतच नसेल तर उघडून साफ करा, बहुतेक वेळा ग्राइंडिंगची धूळ आत गेलेली असते, दोन थेंब पातळ तेल पुरतं. जाड प्लेटवर मोठ्या ड्रिलसाठी मात्र मी अजून हातोडीच वापरतो.

धातूप्रमाणं थोडं बदलावं लागतं. ३०४ स्टेनलेसवर जोरात आणि पुन्हा पुन्हा पंच मारला तर खड्ड्याचा तळ आणखी कडक होतो, ते मटेरियल मार खाल्लं की टणकच होतं, मग ड्रिल तिथं नुसतं घासत बसतं आणि जागा काचेसारखी चकाकते. हलका डॉट, कमी स्पीड, ६ च्या ड्रिलला ७००-८०० आरपीएम, कटिंग ऑइल, आणि दाब सोडायचा नाही. हँड ड्रिल फुल्ल स्पीडला धरून स्टेनलेसमध्ये होल मारायला जाऊ नका. ॲल्युमिनियमवर खड्ड्याभोवती काठ वर येतो, पुढचं माप घ्यायच्या आधी तो सपाट कानसीनं काढा नाहीतर फूटपट्टी त्यावर उचलली जाते. बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) कास्टिंगला अगदी कडेजवळ जोरात मारू नका, कड तुटते. आणि गाडीच्या पाट्याच्या स्टीलवर किंवा कुठल्याही कडक केलेल्या वस्तूवर पंच मारायच्या आधी कानस घासून बघा, कानस घसरली तर पंच मारायचाच नाही, टोक तुटून उडतं.

आधीच्या होलावरून दुसऱ्या तुकड्यावर खूण न्यायची असेल तर मोजामाप करत बसू नका, दोन्ही तुकडे क्लॅम्प करा, वरच्या होलाच्या मापाचंच ड्रिल त्यातून घालून हातानं दोन-चार आटे फिरवा, खालच्यावर बरोबर मधे बशी उमटते. गोल पाइपला पंच मारताना आत लाकडाचा गुल्ला ठोका, नाहीतर पाइप चेपतो. गोल बारच्या टोकाला मध्य काढायला बेल पंच (बारच्या टोकावर घंटेसारखा बसणारा पंच) मस्त, पण बारचं टोक काटकोनात कापलेलं पाहिजे, तिरकं असेल तर बेलही तिरकी बसते.

आता लाकूड. सुतारमामांनी एकदा माझा ९० चा सेंटर पंच नेला सागवानी दाराच्या बिजागरीच्या खुणा करायला, आणि संध्याकाळी परत देताना म्हणाले, "बाळा, तुझं लोखंडाचं हत्यार लोखंडालाच ठेव, लाकडाला आरी लागते." आरी म्हणजे इथं करवत नव्हे, टोकदार टोचा. त्यांचं खरं होतं आणि कारण समजून घेण्यासारखं आहे. लोखंडात पंच मारला की धातू बाजूला सरकतो आणि तिथंच राहतो. लाकडात जाड टोक लाकडाच्या रेषा, म्हणजे तंतू, चिरत नाही, चेंगरतं, आणि चेंगरलेलं लाकूड थोडं परत उसळतं, दमट हवेत तर आणखी फुगतं. कोकणातल्या पावसाळ्यात सकाळी केलेली खूण संध्याकाळी अंधूक झालेली असते. शिवाय सागाला वर्षाच्या वाढीचे पट्टे असतात, पट्ट्याच्या सुरुवातीला मोठाली छिद्रं असलेलं मऊ लाकूड आणि नंतर घट्ट. तुमची खूण त्या दोन्हींच्या सीमेवर आली की ड्रिल बरोबर मऊ बाजूला घसरणार. बिजागरीचा स्क्रू मग अर्धा एमएम बाहेर जातो, त्याचं डोकं बिजागरीच्या खळग्यात एका बाजूला टेकतं आणि आवळताना अख्खी बिजागरी ओढून घेतो. दार घासतं ते यामुळं, आणि लोक रंधा मारून दारच छिलत बसतात.

लाकडाला खूण करायची ती बारीक, लांब टोकाच्या आरीनं. चौकोनी टोकाची आरी असेल तर सगळ्यात चांगली, तिच्या कडा रेषा कापतात, हातानं डावं-उजवं फिरवत दाबली की स्वच्छ भोक पडतं आणि चिरा जात नाहीत. चपट्या टोकाची असेल तर धार लाकडाच्या रेषांना आडवी ठेवून आत घाला, रेषेच्या दिशेनं घातली तर पाचरीसारखी लाकूड फाडते. भोक तीन-चार एमएम खोल जाऊ द्या, नुसता ठिपका नको, म्हणजे ड्रिलला वरच्या पट्ट्याच्या खाली पकड मिळते. ड्रिल मधे काटा असलेलं घ्या, लाकडाचं वेगळं मिळतं, तो काटा आरीच्या भोकात बसला की सरकायचा प्रश्न राहत नाही. मामांच्या वडिलांच्या काळात सामता आणि गिरमिट होतं, हातानं चालायचं, सावकाश चालायचं, त्यामुळं सरकतंय हे वेळीच दिसायचं. आता बॅटरीचं ड्रिल एका सेकंदात आत गेलेलं असतं, म्हणून पहिले चार-पाच फेरे ट्रिगर अगदी हलका दाबून द्या.

प्लायवर आरीसुद्धा जोरात मारू नका, वरचा पापुद्रा उचलतो, कागदी टेप लावून त्यावर खूण करा. आडव्या कापलेल्या टोकाला, म्हणजे जिथं रेषांची तोंडं दिसतात तिथं, ड्रिल सगळ्यात जास्त भरकटतं, तिथं आरीचं भोक आणखी खोल, सहा-आठ एमएम.

आणि बिजागरीचं भोक आधीच चुकलेलं असेल तर शेजारी अर्ध्या एमएमवर नवीन भोक मारायचा प्रयत्न करू नका, ड्रिल जुन्यातच घसरणार. त्याच जातीच्या लाकडाची खुंटी तासा, फेविकॉल लावून ठोका, रेषा दाराच्या रेषांच्या दिशेनं ठेवा, वरून पटाशीनं साफ करा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी बिजागरी जागेवर धरून आरीनं परत खूण करायची. फेविकॉल ओला असताना ड्रिल लावलं तर खुंटीच ड्रिलबरोबर फिरून बाहेर येते.